दोन हजार एकशे साठ फ्रेम

तळेगाव दाभाडे
४ सप्टेंबर २०२५

प्रिय उमेरा,

सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, हे धरून चाललोय. तरी लिहितो. फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला दोन वर्षं होऊन गेली. दर शुक्रवारी नमाजानंतर अब्बांना फोन करतेस आणि मी खोलीत आलो की 'ठेवते अब्बा' म्हणतेस, हेही मला माहीत आहे. अब्बांचा फोन कायम स्पीकरवर असतो. नाशिकचा पत्ता त्यांनीच दिला. देताना म्हणाले, "भांडायला लिवनार असशील तर देत न्हाई." भांडायला लिहीत नाही. तेवढी ताकदही राहिली नाही आता.

काम आहे म्हणून लिहितोय. आपलं मशीन मरायला टेकलंय. तेच, जे आपण दोघांनी मिळून घेतलं आणि ज्याच्या कॅबिनेटवर तू पांढऱ्या पेनाने दोघांची नावं लिहिलीस. नावं अजून आहेत. माझं जरा पुसट झालंय, कारण उठताना मी तिथेच हात टेकतो. कंबर धरते. छत्तीस म्हणजे काही वय नाही, पण खुर्चीत बसून तीनशेच्या वर लग्नं कापली आणि सांधली. दुसऱ्यांची लग्नं बघून बघून स्वतःच्या लग्नाची हौस फिटली. हे अब्बांना सांगितलं की ते जेवत नाहीत, म्हणून सांगत नाही.

झालंय असं, की यंदा नवा कॅमेरा घेतला. चित्र झकास येतं, नवरीच्या हातावरची मेंदी रेघ न् रेघ दिसते. पण त्याच्या फाइली या मशीनला झेपत नाहीत. एडिटला टाकलं की नवरा हार घालायला हात वर करतो आणि तिथेच थांबतो. मी चहा पिऊन येतो तरी हार हातातच. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. सात लग्नं धरलीत, दोन लोणावळ्याची, बाकी वडगाव-कामशेत पट्ट्यातली. त्याआधी मशीन बदललं नाही तर दुकानाचं शटर ओढलेलं बरं.

सत्यमकडे गेलो होतो. स्टेशन रोडचा कॉम्प्युटरवाला, तुझ्याशी बोलताना जो आपलं ज्ञान जपून वापरायचा, तोच. त्याने दोन प्रोसेसर सांगितलेत. त्यांच्या नावांत इतके आकडे आणि अक्षरं आहेत की मी डब्यांच्या रंगावरून एकाला निळा म्हणतो आणि एकाला नारिंगी. किमती जवळपास सारख्या, तेव्हा तो प्रश्न नाही. कुठला घ्यावा हेच मला कळत नाही, आणि ज्या एका माणसाला ते कळतं ते माणूस नाशिकला जाऊन बसलंय. सत्यमच म्हणाला, "उमेराला विचार ना." मी म्हटलं, विचारतो.

एक मात्र ठरवलंय. या वेळी मोठा यूपीएस घेणार, दोन तास मशीन चालवेल असा. त्या रविवारी लाइट गेली आणि तुझं सगळं काम गेलं, तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही. यूपीएस घेऊ या असं तू तेव्हा म्हणत होतीस आणि मी टाळलं. ती माझी चूक, कबूल आहे.

नुसतं एका कार्डावर रंग लिहून पाठवलास तरी चालेल.

आरिफ


तळेगाव
२१ सप्टेंबर

उमेरा,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

मागच्या पत्रात प्रश्न अर्धवट विचारला होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'भाई, काम काय ते सांगितल्याशिवाय मशीन कसं सांगू?' तर काम सांगतो.

सत्यमच्या दुकानात दोन्ही प्रोसेसरची मशीनं जोडून तयार होती, कुणा गिऱ्हाइकांची. त्याने मला दुपारी तासभर बसू दिलं. आधी मी माझ्या नव्या कॅमेऱ्याची फाइल टाकली. निळ्यावर पाण्यासारखी चालली. त्याच्या आत व्हिडिओ उलगडायलाच वेगळा भाग आहे म्हणे, तो नेमक्या माझ्या कॅमेऱ्याच्या फाइली ओळखतो. नवऱ्याने एका झटक्यात हार घातला, मला बरं वाटलं. नारिंगीवर तीच फाइल अडखळली. सत्यम म्हणाला, आधी सगळ्या फाइलींच्या हलक्या नकला करायच्या, त्यांच्यावर एडिट करायचं आणि शेवटी मूळ फाइली जोडायच्या. म्हणजे प्रत्येक लग्नामागे अर्धा दिवस जास्तीचा. मरणार नाही मी त्याने, पण आधीच जीव मेटाकुटीला आलाय.

मग मी तुझी फाइल टाकली.

रागावू नकोस. तू गेलीस तेव्हा तुझ्या थ्री-डी फिल्मची मूळ फाइल जुन्या मशीनवर तशीच राहिली होती, मी ती हलवलेली नाही. पेनड्राइव्हवर नक्कल करून नेली आणि एकच फ्रेम काढून बघितली. आपल्या मशीनवर एका फ्रेमला दीड मिनिट लागायचं, आठवतं? तुझा सीन ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावायचा नाही, सगळा भार प्रोसेसरवर. निळ्याने ती फ्रेम वीस सेकंदांत काढली. नारिंगीने सोळा. निळ्यात आठ मोठे कोअर, म्हणजे सत्यमच्या भाषेत काम करणारे हात, आणि सोळा लहान, नारिंगीत सोळाच्या सोळा मोठे, त्यामुळे असल्या कामात तोच पुढे. शिवाय नारिंगीचा बोर्ड पुढचे नवे प्रोसेसरही घेईल, निळ्याचा बोर्ड इथेच संपतो.

सत्यमने ती फ्रेम बघितली आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. वडगावचा आपला, अब्बांचा फोटो स्टुडिओ. तहसील कचेरीसमोरची ती दहा बाय बाराची खोली, धबधब्याचा पडदा, फिरतं स्टूल आणि आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा. तो म्हणाला, "हे पाडलं ना रस्त्यात?" मी म्हटलं, पाडलं. "मग हा फोटो कधीचा?" म्हटलं, फोटो नाही, बहिणीने कॉम्प्युटरवर बनवलंय. त्याचा विश्वास बसेना. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिता येत नाही. तुझा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज, दोन्ही एकदम.

तर आता सरळ लिहितो, आडून आडून विचारायचा कंटाळा आला. मी एकटाच काम करणार असेन तर निळा बरा. तू परत येणार असशील, पुन्हा लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांसाठी थ्री-डी करणार असशील, स्वतःची फिल्म करणार असशील, तर नारिंगी. माझी लग्नं मी नकला करून ओढीन. एका मशीनचे पैसे आहेत, दोन मशीनं होणार नाहीत. म्हणून विचारतोय.

नाशिकच्या कॉम्प्युटर क्लासात तू पोरांना तेच ते क्यूब आणि तोच तो चहाचा कप करायला शिकवतेस, असं अब्बा सांगत होते. तुझ्यासारखीने तेवढंच करावं हे मला पटत नाही. मला बोलायचा अधिकार नाही, हेही माहीत आहे.

तुझा भाई,
आरिफ


वडगाव मावळ
१२ ऑक्टोबर

उमेरा,

आज रविवार, दुकान बंद ठेवून घरी आहे. अब्बांच्या डोळ्यांत थेंब घातले. डाव्या डोळ्याला काचबिंदूमुळे आता कडेचं दिसत नाही, दार उघडताना चौकटीला खांदा लागतो. समोरचं नीट दिसतं. डॉक्टर म्हणतात, थेंब चुकवू नका. आम्ही दोघंही चुकवतो आणि मग एकमेकांवर ओरडतो.

सकाळी त्यांना घेऊन तहसील कचेरीकडे गेलो. रेशन कार्डाचं काम होतं. आपला स्टुडिओ होता तिथे आता रस्त्याची कड आहे आणि एक पाणीपुरीची गाडी. अब्बा तिथे उभे राहिले आणि पाऊल टाकून मोजायला लागले. "हितं कॅमेरा. हितं स्टूल." पाणीपुरीवाल्याला वाटलं जागेची मोजणी आलीय, तो घाबरला. येताना मला म्हणाले, "उमेरानं टेप लावून सारं मापलं व्हतं पाडायच्या आदी. तिची ती फिल्म कवा दावनारेस? न्हाईतर मंग मला दिसायचं बी न्हाई."

मी म्हटलं, लाइट गेली होती ना अब्बा, ती पुसली गेली. ते रेशन कार्ड खिशात घालून पुढे चालायला लागले.

सत्यम रोज विचारतो. मी रोज सांगतो, उद्या. दिवाळीच्या सुट्टीत तुझा क्लास बंद असेलच. चार दिवस ये. मशीन स्वतः बघून ठरव, अब्बांना भेट, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी दुकानातच झोपेन. यूपीएसचं सत्यमला सांगून ठेवलंय, सगळ्यात मोठा.

आरिफ


नाशिक
२४ ऑक्टोबर

भाई, सलाम.

निळा घे. तुझ्या कॅमेऱ्याच्या फाइली तोच उघडेल. नारिंगी माझ्यासाठी घेत असशील तर घेऊ नकोस, मी येत नाही. रॅम चौसष्ट घाल, तिथे कंजूषपणा करू नकोस.

यूपीएस तुझ्या कामासाठी हवा तर घे, माझ्या नावावर नको. लाइट गेली तर त्या क्षणी चालू असलेली एक फ्रेम जाते. आधीच्या दोन हजार डिस्कवर तशाच असतात. प्रत्येक फ्रेम म्हणजे वेगळं चित्र, निघालं की लगेच साठवलं जातं. त्या दिवशी मी आले तेव्हा फोल्डर रिकामं होतं.

अब्बांचे थेंब चुकवू नका.

उमेरा


तळेगाव
३१ ऑक्टोबर

उमेरा,

तुझं पत्र सोमवारी आलं. तीन दिवस शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. अब्बांनी वाचून दाखवायला सांगितलं तर म्हटलं, 'मशीनचं आहे, तुम्हाला कळायचं नाही.'

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी 'लाइट गेली' म्हणालो, तू फोल्डर उघडलंस, बंद केलंस, पिशवी उचललीस आणि गेलीस. मला वाटलं, विश्वास बसला. दोन वर्षं मी यूपीएसचाच पश्चात्ताप करत बसलो, इतका की ते खोटं मलाही खरं वाटायला लागलं होतं. आणि तू वाट बघत होतीस, हा आपणहून कधी बोलतो याची. तू असं लिहिलेलं नाहीस. मला तसं वाटतं.

आता जे झालं ते सांगतो. तुला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून सांगायला हवं.

त्या शुक्रवारी सकाळी अकराला तू रेंडर लावलंस, म्हणजे मशीनला एकेक फ्रेम काढायला बसवलंस. दोन हजार एकशे साठ फ्रेम, चोपन्न तास, रविवारी संध्याकाळी पाचला संपणार. रात्री बारापर्यंत हैदराबादच्या स्टुडिओला फिल्म पाठवायची होती, तिथल्या नोकरीच्या निवडीची ती शेवटची तारीख. दोन दिवस तू खुर्चीतून हलली नव्हतीस. कुरवंड्याच्या रतनभाऊंची पुतणी, राजेश्वरी, तिचं लग्न त्याच रविवारी. मुहूर्त शूट करून मी कॅमेऱ्याची कार्डं घेऊन दीडला दुकानात आलो. तुझे डोळे लाल झाले होते. मीच म्हटलं, घरी जा, अंघोळ कर, जेव, चारला ये. मी आहे, बघतो. तेव्हा मनात काही नव्हतं, अल्लाची शपथ.

दोनला रतनभाऊंचा फोन आला. "आरिफभाई, पावनं इचारत्यात, हळद आन् लगीन सांजच्याला मोठ्या स्क्रीनवर व्हईल का?" मी म्हटलं, होईल. पाहुण्यांत दोन मोठे बंगलेवाले होते, त्यांच्या घरची लग्नं मिळतील असं डोक्यात आलं. पण खरं कारण तेही नाही. मला 'नाही' म्हणताच येत नाही, गिऱ्हाइकाला. घरच्या माणसाला येतं.

रेंडर थांबवलं. दोन हजार चाळीस फ्रेम झाल्या होत्या. एकशेवीस राहिल्या होत्या. तीन तास.

मी ठरवलं, तासाभरात काम उरकून पुन्हा चालू करू, तुला कळणारही नाही. कार्डं उतरवली, घाईघाईने एडिट केलं, तयार फाइल काढायला एक्स्पोर्ट लावलं, तर डिस्क भरली. जागा नाही. मी सगळीकडे शोधलं. तुझं फोल्डर चाळीस जीबीचं. आणि इथे मी जे केलं ते माझ्या धंद्याच्या अकलेने केलं. आमच्याकडे व्हिडिओ अर्धा एक्स्पोर्ट होऊन बंद पडला तर ती फाइल उघडतसुद्धा नाही, कचरा असतो. मला वाटलं, तुझंही तसंच. थांबवलं म्हणजे आता पहिल्यापासून करावं लागणार, मग हा अर्धवट कचरा कशाला ठेवायचा. शिफ्ट दाबून डिलीट केलं. ते कचऱ्याच्या डब्यातही राहिलं नाही. दोन वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मी तुला एकदाही विचारलं नव्हतं, की तुझं काम साठतं कसं.

चारला तू आलीस. तुझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं, माझ्यासाठी डबा आणला होतास. मी डबा घेतला आणि म्हणालो, लाइट गेली होती.

त्या डब्यात भेंडी होती. मी ती खाल्ली, उमेरा. रिसेप्शनला जाण्याआधी, उभ्या उभ्या. हे का लिहितोय कळत नाही. गेली दोन वर्षं मला बाकी सगळं सोडून तेच आठवतं.

माफी मागतो. ती देऊ नकोस, पण मागितली हे लक्षात असू दे.

निळा घेतो. तू सांगितलंस म्हणून. एकच विचारायचं आहे. नवं मशीन आलं की तुझी फिल्म त्याच्यावर लावू का? हैदराबादचं तर गेलं. अब्बांना समोरचं अजून दिसतंय. तुझ्या फाइलीला न विचारता आता हात लावणार नाही. एकदा लावला, सत्यमकडे, त्या एका फ्रेमसाठी. तेवढाच.

आरिफ


तळेगाव
१ डिसेंबर

प्रिय उमेरा,

तुझा निरोप अब्बांनी दिला. शुक्रवारी फोन झाल्यावर त्यांनी मला हाक मारून बसवलं आणि तुझे शब्द मोजून सांगितले. "लावायचं तर लाव म्हनावं. पन मदी हात लावू नगं." मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, "एवढं लय झालं."

सत्यमचा माल अडकला होता, मशीन परवा शनिवारी आलं. निळा, चौसष्ट रॅम. यूपीएस लहानसाच घेतला, माझ्या कामापुरता. काल रविवारी रतनभाऊंच्या धाकट्या लेकाचं लग्न होतं, लोणावळ्याच्या अलीकडच्या लॉनवर. दिवसभर मी बाहेर, मशीन रिकामं. म्हणून सकाळी सहाला तुझी फिल्म लावली. वीस सेकंदांनी एक, म्हणजे बरोबर बारा तास. संध्याकाळी सहाला संपणार. नारिंगी असता तर साडेतीनच्या आसपास झालं असतं. ते जास्तीचे अडीच तास मोजायचा हक्क मला नाही.

अब्बांना आदल्या दिवशीच सांगून टाकलं, लाइट गेली नव्हती म्हणून. मला वाटलं, मारतील. या वयातही बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "म्हाईत हाय. तिनं तवाच सांगितलं व्हतं. म्हनाली, त्याला बोलू नका अब्बा, त्यो सांगंल." मग काल सकाळी माझ्याआधी तेच तयार. डोळ्यांत थेंब घालून घेतले, दुकानात मशीनसमोर खुर्ची टाकली आणि म्हणाले, "तू जा. मी बसतो. कुनाला हात लावू देनार न्हाई. तुला बी न्हाई."

मी लग्नाला गेलो. मधेमधे त्यांचा फोन. फ्रेम निघाली की पडद्यावर दिसते ना, ते एकेक बघत बसलेले. "दार उघडलं." मग तासाने, "पडदा आला. धबधबा." मग कितीतरी वेळ काही नाही. एक वाजता मीच फोन केला तर हळू आवाजात म्हणाले, "आरसा येतोय. तू ठेव."

मुहूर्त साडेबाराचा होता. जेवणाची पंगत बसली आणि रतनभाऊ फेट्याचं टोक सावरत माझ्याकडे आले.

"आरिफभाई, मागल्यावानी सांजच्याला स्क्रीनवर व्हईल का?"

खरं सांगतो, तोंडात 'होईल' आलं होतं. सवयीने. नव्या मशीनवर तासाचं काम, कार्डं घेऊन गेलो की झालं. शिवाय आता मला माहीत आहे की तुझं रेंडर मधे थांबवलं तरी काही जात नाही. तेच डोक्यात आलं आणि स्वतःचीच किळस आली.

"नाही होणार, भाऊ," मी म्हटलं. "मशीन गुंतलंय. सहापर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"कोनाचं काम हाय?"

"बहिणीचं."

"उमेराचं व्हय? मंग ऱ्हाऊ दे की." ते पानाची डबी काढायला लागले. "परवा घरी घिऊन या, बसून बघू समदी. हितं कोन बघतंय, समदी जेवायच्या घाईत." डबी उघडली, चुना लावला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागल्या टायमाला बी तुमी तोंड पाडून आलतात रातच्याला. तवा बी हिचंच काय व्हतं का?"

मी कॅमेऱ्याची काच पुसायला लागलो.

"आवं, सांगायचं की मंग. थांबलो असतो. मी तर नुसतं इचारलं व्हतं."

ते गेले, पान तोंडात टाकून, पंगतीत वाढप्यांना ओरडत. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिलो. शूट करण्यासारखं समोर काही नव्हतं. पलीकडे ड्यूक्स नोजच्या कड्याचं टोक उन्हात दिसत होतं. एका माणसाने मागितलंही नव्हतं, नुसतं विचारलं होतं, आणि त्यासाठी मी तुझं हैदराबाद घालवलं. थांबलो असतो, म्हणाला. मी भिंतीच्या बाजूला तोंड करून रडलो. वाढपी मुलगी पाणी देऊन गेली, तिला वाटलं नवरीकडचा.

सहाला दहा मिनिटं कमी असताना दुकानात पोचलो. अब्बा तसेच बसलेले, डबा न उघडलेला. मी काही विचारायच्या आत त्यांनी बोट तोंडावर ठेवलं. शेवटच्या तीसेक फ्रेम आम्ही दोघांनी न बोलता बघितल्या. सुतळीवरचा कंगवा थोडा हलतो आणि थांबतो, तिथे तुझी फिल्म संपते. मला हे माहीत नव्हतं. शेवट मी कधी बघितलाच नव्हता.

मग फ्रेम जोडून नव्वद सेकंद सलग लावली. अब्बांनी चारदा बघितली. चौथ्यांदा पडद्याच्या अगदी जवळ गेले, मला वाटलं दिसत नाही म्हणून. ते म्हणाले, "त्या कंगव्याचा एक दात तुटला व्हता. पोरीनं त्यो बी तुटकाच ठेवलाय." आणि चष्मा काढून बाहेर जाऊन उभे राहिले.

तू येणार नाहीस हे मला समजलंय आणि मी पुन्हा विचारणार नाही. जुनं मशीन पुसून बाजूला ठेवलंय. त्याच्यावरची नावं पुसली नाहीत.

सोबत एक पेनड्राइव्ह आहे. जोडलेली फिल्म आहेच, पण तुला सुट्या फ्रेम लागतील म्हणून सगळ्या वेगळ्या फोल्डरात ठेवल्यात. मी मधे हात लावला नाही. एकदा मोजल्या, मग अब्बांनी बसवून पुन्हा मोजायला लावल्या. दोन हजार एकशे साठ आहेत. तूही मोजून घे.

आरिफ